बांधावर घंटी वाजवायची नाही

सायकलवाल्या काकांनी सीट खाली-वर करून दिली, ब्रेक दाबून दाखवले, मागच्या छोट्या खुर्चीचा पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि सगळं झाल्यावर म्हणाले, "एकच नियम. बांधावर घंटी वाजवायची नाही."

मुंगीच्या आईने आधी तो पट्टा तिसऱ्यांदा ओढून पाहिला. मग काकांचं बोलणं तिच्या डोक्यात शिरलं.

"वाजवायची नाही? आणि समोरून कोणी आलं तर?"

"तोंड दिलंय की देवाने. 'आलो आलो' म्हणायचं."

"मग घंटी लावलीय कशाला?"

"वाजवायला," काका म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या चाकात हवा भरायला वळले.

आता अशा उत्तराने कुणाचं समाधान होईल? मुंगीच्या आईचं तर मुळीच होणार नव्हतं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर शेवटपर्यंत वाचणारी बाई ती. मुंगी झाल्यापासून गेली चार वर्षं ती रात्रीची दोनदा उठून गॅस बंद आहे ना ते बघायची, आणि नवरा अंथरुणातूनच म्हणायचा, "अगं, उगाच." सासूबाई फोनवर म्हणायच्या, "उगाच गं." मुलांच्या डॉक्टरांनीही एकदा हसत हसत तेच म्हटलं होतं. हा शब्द तिने इतक्यांदा ऐकला होता, की आता कुणी तोंड उघडायच्या आधीच तो तिला ऐकू यायचा.

आज मात्र प्रश्न गॅसचा नव्हता, घराचा होता. नवऱ्याला इथल्या शाळेत गणिताच्या मास्तराची नोकरी मिळाली होती आणि शाळेजवळ भाड्याने मिळण्यासारखं घर एकच होतं. घरमालक दुपारी एकपर्यंत थांबणार होते, दुसरं कुटुंब रांगेत होतं. ती 'हो' म्हणाली तर तिघं इथे राहणार. 'नाही' म्हणाली तर तो एकटा कुणाच्या तरी खोलीवर राहणार आणि मुंगीला तिचे बाबा शनिवार-रविवारपुरते मिळणार. नवऱ्याने बिचाऱ्याने जबरदस्ती केली नव्हती. "तुला झोप लागेल तिथेच राहायचं," एवढंच म्हणाला होता. त्यामुळे तर सगळं ओझं तिच्याच डोक्यावर आलं होतं.

"तू घर आतून बघ," तिने त्याला सांगितलं. "नळ, दारं, कड्या सगळं. मी बाहेरून बघते."

बांधाच्या तोंडाशी गुडघाभर उंचीवर एक आडवा दांडा होता. त्यापुढे मोटार नाही, स्कूटर नाही. तिने सायकल उचलून पलीकडे घेतली आणि पायडल मारलं. पहिली पाचेक मिनिटं ती सवयीने मागे वळून बघत राहिली. मग ध्यानात आलं, की मागून येण्यासारखं काही नाहीच. रस्ता आखणीच्या पट्टीसारखा सरळ. ना चढ, ना उतार. लव्हाळ्यांत वारा सळसळत होता आणि चिखलात लांब चोचीचे पक्षी हरवलेली सुई शोधावी तसे टोचत फिरत होते. समोरून एक आजोबा "आलो आलो" म्हणत आले आणि "गेलो गेलो" म्हणत गेले. मुंगीला ते इतकं आवडलं, की त्यानंतर ती प्रत्येक बगळ्याला "आलो आलो" म्हणू लागली.

डावीकडे खाडीचं पाणी होतं, उजवीकडे शेतं आणि घरं. यात नवल काहीच नाही. नवल होतं ते हे, की पाणी वर होतं आणि घरं खाली. घरांची छपरं तिच्या पावलांच्या पातळीत होती. एका बाईने गच्चीवर वाळत घातलेले मोजे तिला वाकून मोजता आले असते.

"आई, पाणी खाली का येत नाही?"

"मध्ये बांध आहे ना."

"बांधाला कोण धरतं?"

मुंगीच्या आईने पायडल जोरात मारलं. याचं उत्तर तिला स्वतःलाच हवं होतं.

आणखी एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नव्हती. दर दोनेकशे पावलांवर, उताराच्या पायथ्याशी, एक बुटका लाकडी खांब होता आणि प्रत्येक खांबावर, खिळ्याला अडकवलेला, पांढरा एनॅमलचा मग. प्यायला म्हणावं तर नळ कुठेच नाही. भाड्याच्या घराजवळच्या खांबापाशी ती उतरली, तर बांधाच्या उताराखाली, चराजवळ, एक वयस्क बाई गुडघे टेकून बसली होती. खाकी कोट, डोक्याला रुमाल. ती हातातल्या मगात एक डोळा मिटून बघत होती.

"मावशी, काय बघता?"

"घाम," मावशी म्हणाल्या. "ये, खाली ये. मुलीलाही आण."

मावशी बांधावरच्या राखणदार होत्या. त्यांनी दाखवलं, गवताच्या मुळाशी बोटाएवढी पाण्याची धार झिरपत होती. मुंगीच्या आईने मुंगीला मागे ओढलं. "अहो, हा तर गळतोय!"

"भरतीला सगळेच बांध गळतात. धार असण्याचं काही नाही, रंग बघायचा. स्वच्छ असेल तर बांधाला घाम आला म्हणायचं आणि घरी जायचं. गढूळ असेल तर पाणी आतली माती घेऊन निघालंय. मग बांध आतून पोखरला जातो. म्हणून हा मग पांढरा. पांढऱ्यात लपत नाही."

"आणि गढूळ दिसलं तर?"

मावशींनी वर उभ्या केलेल्या तिच्या सायकलच्या घंटीकडे बोट दाखवलं. "तर ती घंटी. थांबायचं नाही, वाजवत राहायची. ऐकणारा पुढे वाजवतो, तो त्याच्या पुढे. एरवी इथे कुणी घंटीला हात लावत नाही. उठसूट वाजली तर कोण धावेल?"

म्हणजे 'वाजवायला' हे उत्तर खरंच होतं तर! काकांनी जरा सविस्तर सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मुंगीच्या आईने मग आणखी अकरा प्रश्न विचारले. खेकडे भोकं पाडतात का? उंदीर? झाडांची मुळं? मावशींनी एकाही प्रश्नाला कपाळाला आठी घातली नाही. मग पुढच्या खांबाकडे निघाल्या.

ती मागे राहिली. उताराच्या पायथ्याशी उभं राहून तिने घर नीट पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर बांधाचं गवत दिसणार. भांडी घासताना वर मान केली, की डोक्याच्या वर पाणी आहे हे आठवणार. रोज. आत नवरा नळ सोडून बघत होता, त्याचा आवाज येत होता. मुंगी मागे खांबापाशी, ओल्या मातीत बसून स्वतःशी गुणगुणत होती. तिच्या कमरेला ओढणीचं टोक बांधलेलं होतं आणि दुसरं टोक आईच्या मनगटाला.

पाऊण वाजला. ठरत काहीच नव्हतं. मग तिला वाटलं, निदान आपणही एकदा बघावं. खांबाचा मग काढून ती धारेशी वाकली, मग भरला, मावशींसारखा एक डोळा मिटला.

पाणी गढूळ होतं.

तिने मग हलवला. तळाशी तपकिरी ढग उठला. मावशी दूर ठिपक्याएवढ्या दिसत होत्या. हाक पोचणार नव्हती. नवऱ्याला बोलवावं? तो काय म्हणेल ते तिला ऐकूही आलं. आणि ते कदाचित खरंही असेल. आपण पाहुणे, अजून भाडेकरूसुद्धा नाही, आणि पहिल्याच दिवशी अख्ख्या गावाला पळवायचं? हसतील. जन्मभर 'घंटीवाली' म्हणतील. मुंगी उद्या त्याच शाळेत जाणार.

मग तिने त्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं, मुंगीला काखोटीला मारलं, चढ चढून सायकल गाठली आणि घंटीवर अंगठा दाबला.

ट्रिंग ट्रिंग ट्रिंग! त्या सपाट मुलखात आवाजाला अडवणारं काही नव्हतंच. क्षणभर काही झालं नाही. मग दूर एक घंटी वाजली. तिच्या पलीकडे दुसरी. मग शाळेकडून, दुकानांकडून, शेतांपलीकडून, जिकडून तिकडून. आणि मग माणसं आली. पिठाचे हात तसेच घेऊन पाववाला आला, गळ्यात टेप अडकवलेली शिंपीण आली, न्हावी आला आणि त्याच्यामागे अर्ध्या गालाला साबणाचा फेस असलेलं त्याचं गिऱ्हाईक. बहुतेकांच्या सायकलला फावडं बांधलेलं. नवरा आणि घरमालक पळत आले. नवऱ्याच्या हातात नळाची चकती होती.

मावशींनी धाप टाकत आपल्या कोटातला मग काढला, भरला, पाहिला. ओतला. पुन्हा भरला. तिसऱ्यांदा भरला.

"स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. मग मुंगीच्या आईच्या हातातला मग घेऊन त्यांनी आत बोट फिरवलं. बोटाला चिखल लागला. मगाच्या कडेवर चार इवल्याशा बोटांचे ठसे होते.

"त्यात मी चहा केला होता," मुंगी म्हणाली. "'आलो आलो'वाल्या आजोबांसाठी. मग परत लावून ठेवला. जागेवर."

मुंगीच्या आईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ओढणी मनगटाला बांधली, आणि त्या ओढणीच्या टोकाशी पोरगी काय करतेय ते बघितलं नाही!

"अगं, उगा..." नवऱ्याने तोंड उघडलं.

"उगाच कसं?" अर्धी दाढी झालेला माणूस म्हणाला. फेस सुकून त्याच्या गालाला भेगा पडल्या होत्या. "गढूळ दिसलं, वाजवली. मागे एकदा मला दिसलं तेव्हा मी नव्हती वाजवली. म्हटलं, घरी जाऊन चष्मा घेऊन येतो, मग खात्री करतो. लोक हसतील म्हणून. परत आलो तेव्हा माझ्या ओट्यावर कमरेएवढं पाणी होतं."

कुणी हसलं नाही. पाववाला वाकला, स्वतः मग भरून बघितला आणि शिंपिणीकडे दिला. तिने बघून न्हाव्याकडे. प्रत्येकाने बघितलं. "स्वच्छ." "हो, स्वच्छ." मग पाववाल्याला भट्टीची आठवण झाली आणि तो "मेलो मेलो" करत सायकलवर बसला. एकेक करून सगळे पांगले.

"मावशी," मुंगीची आई म्हणाली. "तुम्ही एकट्या एवढा बांध बघता?"

"छे गं. मी फेरी मारते. बाकी ज्या घरासमोर जो तुकडा, तो त्या घराने बघायचा. भरतीला."

"या घराचा कुठला?"

"या खांबापासून त्या मोडक्या नावेपर्यंत. एकशे चाळीस पावलं. आधीच्या भाडेकरूंना कंटाळा यायचा."

"दोन पावलांच्या मध्ये काय असतं ते कोण बघतं?"

मावशींनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "आतापर्यंत कुणी नाही," त्या म्हणाल्या.

ती खांबापासून निघाली. पाऊल टाकायची, वाकायची, गवत बाजूला सारायची. मुंगी मागून तस्संच वाकत. तेविसाव्या पावलावर ती थांबली.

"मावशी, हे भोक खेकड्याचं का?"

मावशी आल्या, बसल्या, बराच वेळ बघत राहिल्या. "खेकड्याचं एवढं गोल नसतं. हे... मला माहीत नाही, बाई."

वरून नवऱ्याने विचारलं, "एक वाजतोय. घरमालक विचारतायत, काय सांगू त्यांना?"

"हो सांग," तिने मान वर न करता म्हटलं. भोकातून आत, काळोखात तिला काहीतरी हलल्यासारखं दिसलं होतं. "आणि अरे, एक काठी टाक इकडे. लांबशी."