वैशाखातले पाहुणे

जानरावाचा जगातल्या कोणत्याच गोष्टीवर पटकन विश्वास बसत नसे, आणि याचा त्याला अभिमान होता. दुकानदाराने तराजू उचलला की हा आधी दुकानदाराच्या करंगळीकडे पाही. अमरावती-दर्यापूर रस्त्यावरच्या त्याच्या खेड्यात लोक म्हणत, जानराव स्वतःच्या सावलीलाही दोन प्रश्न विचारून मगच सोबत घेतो. असा माणूस मुलीची सोयरीक जुळवायला निघाला, तेव्हा गावाची उन्हाळ्याची करमणूक झाली.

मुलगी शालू. स्थळ अकोल्याचं. मुलाचे वडील रामराव हे एका मारवाडी शेठच्या कापसाच्या पेढीवर तीस वर्षं दिवाणजी होते, आणि संशयाच्या बाबतीत जानरावाला तोडीस तोड होते. थोरल्या मुलाच्या वेळी व्याह्यांनी त्यांना शेजाऱ्याचे बैल आपले म्हणून दाखवले होते. तेव्हापासून त्यांची एकच अट होती. जे सांगाल ते डोळ्यांनी दिसलं पाहिजे. हुंडा नको, मानपान नको, पण खोटं सापडलं तर सोयरीक मोडली.

जानरावाने सांगितलं होतं की आपल्या संत्र्याच्या मळ्यात विहिरीवर तेलाचं इंजिन आहे. हे तसं खरंच होतं, फक्त इंजिन अजून अमरावतीच्या दुकानात होतं. म्हणून त्याने मध्यस्थ नत्थुजीबरोबर निरोप धाडला, की वैशाख वद्यात या, इंजिन चालू दाखवतो. उत्तर आलं, वैशाख वद्य तीजेला येतो. नत्थुजी निरोप्या म्हणून पंचक्रोशीत नावाजलेला. तिकडचा शब्द इकडे आणताना तो त्यातला काना-मात्रासुद्धा हलू देत नसे.

जानरावाने हिशेब केला. हाताशी मोप दिवस होते. घराला चुना द्यायचा होता, इंजिन आणायचं होतं. आता कुठे हनुमान जयंती होऊन गेली होती. त्याची बायको इंदूबाईंनी वर्षाच्या मिरच्या काढल्या.

आणि जयंतीनंतरच्या पहिल्याच रविवारी दुपारी रामराव आणि त्यांची बायको पार्बताबाई दारात उभे राहिले.

जानराव घरामागच्या मळ्यात उघड्या अंगाने, गुडघ्याच्या वर धोतर खोचून मोट हाकत होता, तो तसाच धावत आला. शालू उखळापाशी, नाकातोंडाला ओलं फडकं बांधून. तिचे फक्त डोळे दिसत होते आणि त्यांतून धारा लागल्या होत्या. पार्बताबाईंनी अंगणात पाऊल टाकलं आणि ज्या शिंकायला लागल्या त्या थांबेचनात.

जानरावाला पहिल्या नजरेतच कळलं. हे लोक मुलगी पाहायला आले नाहीत, आपल्याला पकडायला आले आहेत.

रामरावांनाही पहिल्या नजरेतच बरंच काही कळलं. पोरीचं तोंड झाकलेलं, व्याही उघडे, घराला चुना नाही. पोरीचं तोंड काहून बांधलं, असं त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. इंदूबाई म्हणाल्या, तिखट कुटून राह्यली. रामरावांना स्वतःला तीन शिंका आल्या, पण शिंकांचीही तजवीज करून ठेवता येते, असं त्यांच्या मनात आलंच. शालूने फडकं सोडून पाणी दिलं, नमस्कार केला, तेव्हा तिचं नाक मिरचीसारखंच लाल होतं. रामरावांनी पाणी घेतलं आणि आधी मळा पाहू म्हणाले.

विहिरीजवळ इंजिनासाठी नवा ओटा बांधला होता. ओट्यावर एक शेळी उभी होती. तिने पाहुण्यांकडे मालकिणीच्या थाटात पाहिलं.

"इंजिन कुठी हाय?" रामरावांनी विचारलं.

"येऊन राह्यलं."

"कवा?"

"वैशाख वद्यात. सांगतलं होतं न तुमाले."

"मंग आज काय हाय?"

"चैत वद्य तीज."

रामरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. "जानरावजी, आज वैशाख वद्य तीज हाय."

जानरावाने शेळीला ओट्यावरून हाकललं. माणसं मापात मारतात, वजनात मारतात, हे त्याला ठाऊक होतं. पण उभा महिना मारणारा माणूस तो पहिल्यांदाच पाहत होता. तिकडे रामरावांच्या मनात होतं, की बैल उसने आणणारे परवडले, हा तर इंजिन येईपर्यंत महिनाच मागे ओढून धरतो आहे.

दोघंही अतिशय आदराने बोलत होते. वऱ्हाडात माणूस आदराने बोलायला लागला की घरच्यांनी काठ्या आत ठेवाव्यात. मग दोघांनाही एकदमच नत्थुजी आठवला, आणि त्याने घोळ घातला असणार यावर क्षणभर एकमत झालं. पण शब्दाला शब्द लावून पाहिला तर निरोप जसाच्या तसा पोचलेला. वैशाख वद्य तीज. दोघांचाही निरुपाय झाला, नत्थुजी निर्दोष ठरला.

तेव्हा जानरावाने पाहुण्यांना पेचात धरायचं ठरवलं. खोटं बोलणारा माणूस बारक्या प्रश्नाला अडखळतो, हा त्याचा अनुभव.

"तुमच्या अकोल्यात हनुमान जयंती झाली काय?"

"झाली न."

"कवा?"

"गुरुवारी."

"आमचीबी गुरुवारीच झाली," जानरावाच्या तोंडून निघून गेलं.

आता पेचात दोघंही होते. रामरावांनी सावधपणे विचारलं, "पुनव कोन्ती होती?"

"चैताची."

"आमचीबी चैताचीच. मंग पुनव झाल्यावर तुमचा चैत संपला नाही?"

"अमावास्येबगर कसा संपन? तुमचा संपला?"

"पुनवेलेच संपला."

मागून पार्बताबाई आल्या. शिंका आवरत म्हणाल्या, "पेढीवर शेठचा महिना पुनवेले संपते. यायनं तोच घरी आणला. माघातली महाशिवरात्र फाल्गुनात हाय म्हणाले, तवाच मले वाटलं होतं."

तीस वर्षं शेठच्या बद-सुदाने, म्हणजे आधी वद्य आणि मग शुद्ध अशा महिन्याने, दिवस मोजता मोजता रामरावांचा वैशाख पंधरा दिवस आधीच लागायचा, आणि त्यांच्या ते ध्यानातही उरलं नव्हतं. पेढीवर सगळेच तसं मोजत. तीज तीच, रविवार तोच, नाव तेवढं वेगळं. जानरावाच्या वैशाखातली वद्य तीज अजून महिनाभर लांब होती.

कारण कळलं म्हणजे संशय जातो असं ज्याला वाटतं, त्याने सोयरीक जुळवलेली नाही. अंगणात परतल्यावर रामराव म्हणाले, चूक माझी, कबूल. पण इंजिन मी पाह्यलं नाही. तुमच्या वैशाखात पुन्हा येतो, मंग बोलू. शालूने हे उखळापाशी बसून ऐकलं, आणि त्या वर्षीचं तिखट फार बारीक निघालं.

महिनाभर जानराव अमरावतीच्या दुकानात जाऊन बसला. दुकानदार म्हणे, पंधरा तारखेला देतो. जानराव विचारी, कोणत्या महिन्याची, तो कुठून सुरू होतो, कुठे संपतो, आणि तुमच्या मालकाचाही तोच आहे काय? शेवटी त्याची ब्याद टळावी म्हणून दुकानदाराने इंजिन आधीच पाठवलं.

ठरल्या दिवशी रामराव आणि पार्बताबाई आले. इंजिन फटफटत होतं. रामरावांनी पाइपाखाली हात धरला, पाणी चाखून पाहिलं, पाटाच्या कडेने चालत शेवटच्या संत्र्यापर्यंत गेले. खरं होतं.

घराला चुना होता, ओसरीवर चार खुर्च्या होत्या. बसताना रामरावांचा रुमाल पडला. तो उचलायला वाकले, आणि खुर्चीच्या खालच्या बाजूला शाळेचं नाव रंगवलेलं दिसलं. सरळ होऊन पाहतात, तर जानराव त्यांच्या कोटाकडे बघत होता. एवढ्या उन्हात कोट, आणि त्याच्या बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आलेल्या. शेठ उंच असावेत.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इंजिन फटफटत राहिलं.

"खुर्च्या चांगल्या हायेत," रामराव म्हणाले.

"कोटबी चांगला हाय," जानराव म्हणाला.

शालू चहा घेऊन आली. या वेळी तिने रामरावांकडे सरळ पाहिलं, आणि रामरावांनीच नजर खाली घेतली.

"इवाई," ते म्हणाले. जानरावाला त्यांनी व्याही म्हणून हाक पहिल्यांदाच मारली. "लगन ज्येष्ठ शुद्धात धरू."

जानरावाने कप खाली ठेवला. "कोनाच्या ज्येष्ठात?"

"शुद्धात साऱ्याइचा एकच असते."

जानरावाने मान हलवली, आणि खात्री करून घ्यायला पार्बताबाईंकडे पाहिलं.