खिळे मारलेला कडा

मी पट्ट्यापट्ट्यांचा कडा बोलतोय. लाल, पिवळा, करडा, पुन्हा लाल. लोक माझे फोटो काढतात आणि म्हणतात, "काय सुंदर रंग आहेत!" अहो, माझं वय बघताय तुम्ही.

मी जन्मलो पाण्याखाली. नदी गाळ आणायची, तळाशी टाकायची. कधी वाळू, कधी चिखल. वरच्या थराच्या ओझ्याने खालचा दबून दगड झाला. मग पाणी आटलं, जमीन वर उचलली गेली आणि मी वाऱ्यापावसाच्या तावडीत सापडलो. वाळूचे थर टणक निघाले, चिखलाचे भुसभुशीत. त्यामुळे डोकं शाबूत आहे, पण कंबर रोज खंगतेय.

माझ्या डोक्यावर, अगदी टोकाशी, इथल्या राखणदाराचं घर आहे. त्याच्या बायकोला माझी कुरकुर ऐकू येते. "खालून माती सरकतेय हो, आपण हलू या इथून," असा तिने कधीचा धोशा लावलाय. तो म्हणायचा, "मोजणीवाल्या बाई सांगतील तसं करू."

या बाईंनी माझ्या मऊ पट्ट्यात लांब लोखंडी खिळे मारले होते, डोकी दगडाला टेकवून. दगड जेवढा झिजेल तेवढा खिळा बाहेर दिसणार. साधा हिशोब, पण राखणदाराला तो कुणी सांगितलाच नाही. त्याला वाटलं, खिळे सैल होतायत. भला माणूस! फेरी मारताना बाहेर आलेला प्रत्येक खिळा तो हातोडीने पुन्हा आत बसवायचा. अरे बाबा, माझं दुखणं झाकू नकोस, असं मी किती विनवलं. पण दगडाचं कोण ऐकतंय?

काल बाई आल्या. खिळ्यांना पट्टी लावून म्हणाल्या, "कमाल आहे! वर्षभरात काहीच झीज नाही. खुशाल राहा."

राखणदाराची छाती फुगली. "आमचं लक्ष असतं ना, बाई!"

बाई हसल्या आणि गेल्या.

आज माझी कंबर आणखी ढासळली. घरामागच्या गवतात बारीक भेग पडलीय, ती अजून कुणाच्या नजरेस आलेली नाही. मला ती थोपवता येत नाही. या दोघांना घेऊन कोसळण्याचं पाप माझ्या माथी येणार, या विचाराने जीव तीळ तीळ तुटतो.

वर ती नवऱ्याला म्हणतेय, "मीच मेली भित्री. उगाच तुमचं डोकं खाल्लं." निघायचं म्हणून भरून ठेवलेली ट्रंक तिने उघडलीय आणि एकेक कपडा पुन्हा खुंटीला लावतेय.

पोरी, नको गं. भर ती ट्रंक परत.