डावीकडचा दिवा

विभाच्या टेबलावरचे कागद बाबांनी सहज म्हणून उचलले, चाळून खाली ठेवले आणि मग चष्मा लावून पुन्हा उचलले.

"हा थॉर्नकॉट कोबेला येतोय?"

"हो, गुरुवारी. भूकंपाला तीस वर्षं झाली ना, म्हणून बंदरांच्या सुरक्षेवर परिषद आहे. त्यांचं भाषण मला जपानीत करायचंय. ओळखता की काय तुम्ही?"

सदानंद केळुसकर महिनाभरासाठी पुण्याहून मुलीकडे तोक्योजवळ ग्योतोकुला आले होते. नौदलातून लेफ्टनंट कमांडर म्हणून निवृत्त होऊन त्यांना तीस वर्षं झाली होती, पण घरात त्यांनी नौदलाचा विषय कधी काढू दिला नव्हता. त्या दिवशी चहा निवेपर्यंत ते बोलत राहिले.

चौऱ्याहत्तर साली प्रशिक्षणासाठी ते एका ब्रिटिश युद्धनौकेवर, फ्रिगेटवर, होते. रॉजर थॉर्नकॉट त्यांच्याच वयाचा. धुक्यातल्या एका पहाटे जहाज जिथून हाकतात त्या ब्रिजवर वॉचची पाळी थॉर्नकॉटची होती आणि सदानंद त्याच्या हाताखाली. "मला दिवा दिसला. दोनदा सांगितलं. तो म्हणाला, लांब आहे." दिवा मासेमारी बोटीचा होता. जहाजाची धडक बसून बोट बुडाली, म्हातारा कोळी गेला. चौकशीत थॉर्नकॉटने हात वर केले: भारतीय अधिकाऱ्याने मला काही सांगितलंच नाही. "कप्तान म्हणाले, प्रकरण वाढवू नकोस. आपले वरिष्ठही तेच म्हणाले. मी गप्प बसलो."

परत आल्यावर बाबांना एकही जहाज मिळालं नाही. सारी नोकरी गोदामं आणि कचेऱ्या सांभाळण्यात गेली. थॉर्नकॉट मात्र चढत गेला. त्याला फ्रिगेट कुठल्या साली मिळाली, कमोडोर कधी झाला, रिअर ॲडमिरल, व्हाइस ॲडमिरल कधी, 'सर' कधी झाला, हे सगळं बाबांना तोंडपाठ होतं. स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस ते दर वर्षी विसरत.

"मी येणार कोबेला," ते म्हणाले.

विभाने आयोजकांकडून पाहुण्यांचा पास मिळवला.

गुरुवारी ती दुभाष्यांच्या काचेच्या केबिनमध्ये सहकारी मोरिता-सानच्या शेजारी बसली. दर पंधरा मिनिटांनी दोघांनी माइक बदलायचा. बाबा तिसऱ्या रांगेत, ब्लेझर घालून. थॉर्नकॉट उंच, ताठ, गोड आवाजाचा. पंधराव्या मिनिटाला मोरिता-सानने माइकसाठी हात पुढे केला, तेवढ्यात थॉर्नकॉट म्हणाला, "तरुणपणी माझ्या ब्रिजवर एक भारतीय अधिकारी होता." विभाने मान हलवून नकार दिला. हे आता दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकणं तिला शक्य नव्हतं.

दुभाषी 'ते म्हणतात' असं म्हणत नाही, 'मी' म्हणतो. विभा म्हणत गेली: मी ब्रिजवर होतो. डावीकडे एका बोटीचा दिवा होता. माझ्या भारतीय सहकाऱ्याला तो दिसला, पण वरिष्ठाच्या भिडेपोटी तो बोलला नाही. एक माणूस गेला. चौकशीत मी त्या मुलाची बाजू घेतली. हाताखालचा माणूस घाबरत असेल, तर तो दोष वरिष्ठाचा.

सभागृहात पुष्कळांनी माना डोलावल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे टिपले. विभाचा आवाज एकदाही अडखळला नाही.

चहाच्या वेळी बाबा आपणहून त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. विभा धावत पोचली. थॉर्नकॉटने हसून हात पुढे केला. त्याच्या चेहऱ्यावर ओळख नव्हती.

"ही दुभाषी माझी मुलगी," बाबा इंग्रजीत म्हणाले.

"अरे वा! फार गुणी मुलगी आहे हो तुमची."

"थँक यू, सर," बाबा म्हणाले.

त्या 'सर'ने विभाच्या अंगाची लाही झाली. शिन-कोबे स्टेशनच्या फलाटावर तिला राहवेना. "पन्नास वर्षं उलटली, बाबा. समोर उभा होता तो. बोलला का नाहीत?"

"तू बोललीस?"

"ते माझं काम होतं!"

"गप्प बसणं माझंही कामच होतं," बाबा म्हणाले. मग रुळांकडे बघत त्यांनी म्हटलं, "दिवा उजवीकडे होता. उजवीकडून येणाऱ्याला वाट आपण द्यायची असते. डावीकडे म्हटलं की चूक त्या कोळ्याची ठरते."



बाबा पुण्याला गेल्यावर विभाने थॉर्नकॉटच्या सचिवाला पत्र लिहिलं. बाबांचं नाव घालून, सगळं. निदान छापील भाषणात दिवा उजवीकडे करा, एवढंच तिने मागितलं. तीन आठवड्यांनी अतिशय नम्र उत्तर आलं. सर रॉजर यांनी चौकशीच्या कागदपत्रांचाच आधार घेतला आहे. सोबत प्रत जोडली आहे.

प्रत एका पानाची होती. टंकलेखित जबाब: दिवा डावीकडे होता, मला दिसला, मी कळवला नाही. खाली सही. 'के'चा तो लांब शेपटा तिने शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर वर्षानुवर्षं पाहिला होता.

तिने लगेच पुण्याला फोन लावला. "बाबा, गप्प बसलो म्हणाला होतात. तुम्ही तर लिहून दिलंत."



"मसुदा त्यांनीच आणला होता," बाबा म्हणाले. "उजवीकडे होता, असं मी म्हटलं एकदा. कप्तान म्हणाले, आता त्या म्हाताऱ्याला काय फरक पडतो? मी पंचवीस वर्षांचा होतो, विभा. मला जहाज हवं होतं."

"त्या कोळ्याच्या घरी कुणी होतं?"

"मुलगी होती. चौकशीला आली होती. सगळं संपल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाली, तुम्ही खरं सांगितलंत, आभारी आहे."

 बाबांनीच मग विचारलं, तिकडे थंडी सुरू झाली का. झाली, ती म्हणाली.