पारूची केबिन

रामनाथ सुताराचा जन्म होड्या बांधण्यात गेला होता, पण त्या पावसाळ्यात थकला तसा तो कधीच थकला नव्हता. हाताखालची दोन्ही माणसं तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर निघून गेली होती. मागे उरला एकटा रामनाथ, त्याचे दुखरे खांदे आणि माहीमच्या खाडीकाठी उभी असलेली पारू कोळणीची अर्धी बांधलेली होडी.

पारूचा नवरा छातीत कफ भरून गेला होता. समुद्रावर ओल्या अंगानं रात्री काढून काढून त्याची छाती पोखरली, असं ती म्हणायची. म्हणून इंजिनाची नवी होडी बांधून घेताना तिनं एकच हट्ट धरला, "दादा, माज्या माणसांना कोरडं निजाया मिळालं पायजे. वर घर बांदून द्या."

रामनाथनं ते बांधलं. सागाची, आत माणूस ताठ उभा राहील अशी केबिन. तिची दारं लावून झाली तेव्हा त्याला हात वर उचलवत नव्हता.

होडी पाण्यात उतरली ती नारळी पौर्णिमेच्या तोंडावर. लाटेवर ती संथ डोलू लागली. "पाळण्यागत हलते!" पारू हरखून म्हणाली. काठावरच्या बायका हसल्या.

कृष्णकांत मात्र हसला नाही. होड्यांना इंजिनं बसवण्याच्या कामावर असलेला हा सरकारी माणूस खाडीखाडीनं हिंडून काळवंडला होता. होडीचा नकाशा त्यानंच दिला होता; त्यात केबिन नव्हती. पावसात रस्ता तुटल्यामुळे त्याला मध्यंतरी येता आलं नव्हतं.

"फारच सावकाश डोलतेय," तो म्हणाला. "कलली की परत यायला वेळ लावतेय. रामनाथदादा, तुमचा ओळंबा द्या जरा."

त्यानं ओळंब्याची दोरी केबिनीच्या छताला बांधून त्याचं वजन लोंबतं सोडलं. पारूचा दीर बन्सी होडीचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. त्याला आणि खलाशांना कृष्णकांतनं आधी मधोमध उभं केलं, मग एका कडेला सरकवलं. ओळंब्याचं टोक सरकत सरकत पार भिंतीला टेकलं. कृष्णकांत रामनाथकडे वळला.

"शिडाच्या होडीत तळाशी दगड भरायचात ना तुम्ही? इंजिन आलं म्हणून ते काढले. पण इंजिन दगडांपेक्षा उंचावर बसतं. त्यात ही केबिन. हंडा कमरेवर घेतला आणि डोक्यावर घेतला, तर तोल सारखा राहील का? सगळं वजन डोक्यावर गेलंय."

"मग दगड परत भरू," रामनाथ म्हणाला.

"केबिन ठेवून भरले तर होडी इतकी खाली बसेल, की मासळी भरली की पाणी होडीच्या काठाशी येईल."

"मग?"

"दोन्ही बाजूंच्या कुशी फोडून होडी रुंद करा, नाहीतर केबिन उतरवा."

कुशी फोडायच्या म्हणजे हंगाम गेला. रामनाथनं डोळे मिटून घेतले. साहेब चुकत असता तर बरं झालं असतं. पण ओळंबा त्याचाच होता, आणि तो खोटं बोलत नव्हता.

पारूनं ऐकलं आणि ती उसळली. "घर काडाल तं ही होडीच मला नको! ओल्यानं एक माणूस गेला माजा. आनखी किती घालवू?"

रामनाथनं तिची समजूत घातली नाही. तेवढं त्राणच नव्हतं. दुसऱ्या दिवशी भरतीला तो म्हणाला, "पारूबाय, तू स्वतः बस होडीत. मग सांग."

ती बसली. काठालगत, कमरेएवढ्या पाण्यात, त्यानं बन्सीला आणि खलाशांना केबिनीच्या छतावर चढवून एका बाजूला सरकायला सांगितलं. होडी कलली. पारू वाट बघत राहिली, आता सावरेल, आता सावरेल. होडी तशीच लटकून राहिली. मग होडीच्या काठावरून गढूळ पाणी आत घुसलं आणि पारूच्या मांड्या भिजल्या. "उतरा रे!" रामनाथ ओरडला. माणसांनी पटापटा पाण्यात उड्या घेतल्या, तेव्हा कुठे होडी कण्हत उभी राहिली.

पारूनं ओलं लुगडं पिळलं.

"कापा," ती म्हणाली.

रामनाथनं करवत घेतली. एकेक फळी सुटत होती आणि पारू ती खाली उतरवून घेत होती. मध्येच तो थांबला, खांदा दाबत बसला. तिनं करवत उचलली आणि वेडीवाकडी का होईना, चालवू लागली.

"राहू दे, पारूबाय. फळी फाटेल," तो म्हणाला. "ह्याच फळ्यांची होडीच्या पोटात, पुढच्या टोकाला नाळेकडं निजायची जागा करतो. बसता येनार नाय, सरपटत शिरावं लागंल. पन पानी नाय येनार."

कृष्णकांतनं मान हलवली. "तळाशी असेल तर चालेल. केबिनीच्या वजनाएवढे दगडही भरा." आणि पुढची खाडी गाठायला तो चिखल तुडवत निघून गेला.

पहिल्या फेरीहून बन्सी परतला तो कुरकुरतच. होडी आता कलली की झटका देत लगेच उभी होते, आणि ते निजायचं बीळ मासळीनं आणि इंजिनाच्या तेलानं घाण मारतं.

"भिजलास?" पारूनं विचारलं.

"भिजलो नाय," बन्सी म्हणाला. "निजलो."

पारू ते सांगायला रामनाथकडे गेली. भर दुपारी तो ओसरीवर पालथा झोपला होता. तिनं हाक मारली नाही. त्याच्या बायकोच्या हातात एक घोळ मासा ठेवला आणि ती घराकडे वळली.