डबी खुळखुळली

मी एक जुनी पितळी डबी आहे, दोन तोंडांची. पांढुर्ण्याच्या बाजारातून गुणवंताने मला घरी आणले आणि माझ्या एका तोंडात तंबाखू भरली, दुसऱ्यात चुना. संत्र्याच्या तोडीला तो शिडीवर चढला की मी त्याच्या खिशात असे. खालचे सगळे तोडणारे मलाच हाका मारत. मित्रांनो, त्या कौतुकाने मी फुगून जाई. आज त्याची थोडी लाज वाटते.

गुणवंताला मधुमेह होताच. गेल्या वर्षी सौसरच्या डॉक्टरीणबाईंनी त्याची लघवी तपासली, तर तीत प्रथिने निघाली.

"काका, मूत्रपिंडाची गाळणी गळू लागली आहे. तंबाखू सोडा. आत्ताच आवरलं नाही, तर पुढे डायलिसिस करावं लागेल."

तंबाखू सुटली. चुलीमागे मी काही महिने काळी पडून राहिले. मग त्याच्या बायकोने, वच्छलाबाईंनी, मला चिंच लावून लख्ख घासले. दर रविवारी त्या माझ्यात आठवड्याच्या गोळ्या भरू लागल्या. वरच्या तोंडात रात्रीच्या सात, रक्तदाब आणि गाळणीची गळती कमी करणाऱ्या. खालच्या तोंडात सकाळच्या सात, डॉक्टरीणबाईंनी नव्याने दिलेल्या. पुढच्या रविवारी मी रिकामी असायला हवी.

तिसऱ्या रविवारी वच्छलाबाईंनी मला उचलले आणि मी खुळखुळले.

"अवो, हे वाजून काहून राहिली?"

"हवा असंन."

"हवा खुळखुळते का?"

त्यांनी खालचे तोंड उघडले. आत पाच गोळ्या होत्या.

गुणवंता खाली बघत म्हणाला, "मोरीत लघवीले मुंग्या लागून राहिल्या. बाबाचा रोग वाढला, तवा अशाच लागल्या होत्या. हे गोळीच साखर वाढवून राहिली. म्हणून सोडली."

"मंग सांगाचं नाही का? डबीले दोन तोंडं हायेत, तुमाले एक बी नाही?"

दुसऱ्या दिवशी दोघे सौसरला गेले. मुंग्यांचे ऐकून डॉक्टरीणबाई आधी मनापासून हसल्या.

"काका, मुंग्या खोटं नाही बोलत! ही गोळी साखर लघवीतून बाहेर काढते, तिचं कामच ते. त्यानं गाळणीवरचा ताण कमी होतो. चूक माझी, आधीच सांगायला हवं होतं. मोरीत दोन लोटे पाणी टाकत जा. उलट्या झाल्या, जेवण गेलं नाही, तर मात्र लगेच मला विचारा."

"म्हणजे मुंग्या आल्या तं गोळी लागू पडली?"

"बरोबर!"

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. प्रथिनांची गळती निम्म्यावर आली होती. गुणवंता घरी येऊन आधी मोरीत डोकावला आणि मुंग्यांना म्हणाला, "या बापा, बसा!" वच्छलाबाई पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. त्या रविवारी त्यांनी मला कानाशी हलवले. दोन्ही तोंडे गप्प होती. इतकी रिकामी आणि इतकी आनंदी मी कधीच नव्हते.

मित्रांनो, तुमच्याही घरी अशी एखादी डबी असेल. रविवारी तिला हलवून बघा. ती खुळखुळली, तर आजोबांवर रागावू नका. शेजारी बसा आणि विचारा, "काहून?"