मावशीवर ओढलेली रेषा

माझ्या अंगावरचे तीनपासून सातपर्यंतचे आकडे पुसून गेले आहेत, त्यामुळे मोजायला मला आता कुणी घेत नाही. मी एक जुनी प्लॅस्टिकची पट्टी आहे, मित्रांनो, आरपार दिसणारी. साच्यातून गरम गरम बाहेर पडले, निवले, अंगावर काळे आकडे उमटले आणि एका कपबश्यांच्या कारखान्यात आले. तिथे माल तपासणाऱ्या बाईंच्या टेबलावर माझी तेवीस वर्षं गेली. आता फार थकले आहे. पण एक गोष्ट मनातून जात नाही, ती सांगते.

बाईंचा सगळा कारभार आकड्यांचा. भट्टी किती तापली आणि कप किती तडकले, अशा जोड्या त्या आलेखाच्या कागदावर ठिपक्यांनी मांडत. ठिपके एकीकडून चढत गेले की म्हणत, "या दोघांचा सहसंबंध आहे." मग गणित करून मला कागदावर ठेवत आणि रेषा ओढत. ही रिग्रेशनची रेषा. ती सगळ्याच ठिपक्यांतून जात नाही. प्रत्येक ठिपक्यापासून तिचं उभं अंतर घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा, आणि त्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी येईल तिथे तिला बसवायचं. "ही पट्टी बरी," बाई म्हणायच्या, "खालचे ठिपके झाकत नाही." एवढंच माझं कौतुक, पण मला पुरायचं.

कप गवतात गुंडाळून खोक्यात भरणारी एक कामकरीण होती. तिला सगळे मावशी म्हणत. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीच्या पगारावर. बोलता बोलता खोकं भरायची, नजर दुसरीकडेच असायची आणि कप मात्र जागच्या जागी.

त्या वर्षी कपांची फूट फार वाढली. मालकांनी कारखाना सांभाळणाऱ्या साहेबांना धारेवर धरलं. नेमक्या तेव्हा तपासणाऱ्या बाई रजेवर. साहेब स्वतःच टेबलाशी बसले. एकीकडे मावशीचे जादा तास, दुसरीकडे दर आठवड्याला फुटलेले कप. ठिपके जिन्यासारखे चढत गेले. साहेबांनी मला दाबून धरलं आणि रेषा ओढली.

"बघा मावशी, तुम्ही जास्त थांबता त्या आठवड्यात जास्त कप फुटतात. मी नाही म्हणत, ही रेषा म्हणतेय."

"साहेब, माझ्या हातनं वर्षात चार फुटले. तेही मीच येऊन सांगितले तुम्हाला."

"वय झालं आता. हात थरथरत असतील. उद्यापासून येणं राहू द्या."

मावशीने दोन्ही हात समोर धरून बराच वेळ निरखले, थरथरतात का ते बघायला. मी साहेबांच्या कोपराखाली होते. मला तोंड असतं तर!

तीन आठवड्यांनी बाई परतल्या. कागद बघितला आणि मला उचलून तशाच साहेबांच्या खोलीत गेल्या.

"मावशींना जादा वेळ आपण कधी थांबवतो, साहेब?"

"मोठी ऑर्डर असली की."

"आणि मोठ्या ऑर्डरीत कप किती निघतात?"

साहेब ऑर्डरींची वही चाळू लागले, तेव्हा बाईंनीच आकडे सांगितले.

"आठ हजार कप होते तेव्हा चाळीस फुटले. बावीस हजार होते तेव्हा एकशेदहा. म्हणजे दोन्ही वेळा हजारी, हजार कपांमागे, पाचच. माल वाढला म्हणून मावशींचे तास वाढले, आणि माल वाढला म्हणूनच फूटही वाढली. तुम्ही साप म्हणून भुई धोपटलीत."

बाईंनी नवा कागद घेतला. या वेळी तास आणि हजारी फूट. ठिपके कुठेच चढेनात, उतरेनात. धान्य सांडावं तसे पसरले. मला ठेवलं तर रेषा जवळजवळ आडवीच आली.

साहेबांनी पहारेकऱ्याकरवी निरोप धाडला, "कामावर या म्हणावं." चुकलं, असं मात्र त्यांनी मावशीला कधीच सांगितलं नाही.

मावशी आली. पण आता एकेक कप दोन्ही हातांनी उचलायची, ठेवायची, पुन्हा चाचपून बघायची. बोलणं बंद झालं. बाईंनी तिला दोन्ही कागद समजावून सांगितले. तिने ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाली, "पटतंय हो बाई. पण हाताला कोण पटवणार?"

पुढे आलेख काढणारं यंत्र आलं. रेषा तेच ओढतं, आणि मी खणात पडून असते. त्याचं वाईट वाटत नाही. मित्रांनो, मागणं एकच आहे. दोन गोष्टी बरोबरीने वाढताना दिसल्या तर रेषा जरूर ओढा. पण त्या रेषेवर कुणाचं नाव लिहिण्याआधी थांबा, आणि दोन्हींना वाढवणारं तिसरं काही आहे का ते शोधा. कागदावरची रेषा मागाहून खोडता येते, पण मावशी अजून दोन्ही हातांनीच कप उचलते.