सेंट हेलेनाचं विमान

“अरे, ते काय आपलं मढ बेट आहे, लाँचमध्ये बसलं आणि आलं?” भाऊ परुळेकर जिन्यातच सुरू झाले. समोर पहिल्या मजल्यावरचा अनिरुद्ध, हातात दुधाची पिशवी. बिचाऱ्यानं एवढंच विचारलं होतं, की काकूंच्या वर्षश्राद्धाला केयूर येतोय ना.

“सेंट हेलेना. अटलांटिकच्या मधोमध. राज्य ब्रिटिशांचं, पण ब्रिटन कुठल्या कुठे. माणसं चारेक हजार, आपल्या पार्ल्याच्या दोन गल्ल्यांत मावतील. नेपोलियनला तिथे कोंडला तो का? पळता येऊ नये म्हणून. आता आठवड्यातून एकदा जोहान्सबर्गहून विमान जातं, तेही वारा फिरला की उतरत नाही. आल्या पावली परत.”

“म्हणजे येत नाही तो?”

“वाऱ्यापुढे कोणाचं चालतंय? कालच फोन होता त्याचा.”

अनिरुद्ध निसटला. मुलगा केयूर बायकोला घेऊन तिथे पाणीपुरवठ्याच्या कामावर गेल्यापासून बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला हे बेट ऐकावं लागलं होतं. बिस्किटाच्या कारखान्यातून रिटायर झालेल्या माणसाला दुसरं काम तरी काय होतं? बायको, वसुधाबाई, असताना त्या हसायच्या. म्हणायच्या, “पोरगं तिकडे राहतं की तुम्ही, तेच कळत नाही.” गेल्या वर्षी त्या गेल्या तेव्हा केयूर पोचू शकला नाही. अग्नी भाऊंनीच दिला. शेवटचे दोन दिवस बाईचे डोळे दारावरून हलले नव्हते, ते भाऊंना विसरता येत नव्हतं. वर्षश्राद्ध तरी पोराच्या हातून व्हावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि आता हा मेला वारा.

दुपारी ते मुलुंडला निघाले, केयूरच्या सासूबाईंकडे. वर्षश्राद्धाचं जेवण फोनवर सांगू नये, स्वतः जाऊन सांगावं, असं त्यांच्या घरात होतं. धाकटी बहीण सुलक्षणा म्हणाली होती, “भाऊ, आजकाल व्हॉट्सॲप करतात रे सगळे.” भाऊ म्हणाले होते, “करू देत.”

दार उघडंच होतं. बाहेर ह्या एवढ्या चपला. आत बायकांचा गलका, आणि हॉलच्या मधोमध मोगऱ्यानं मढवलेला झोपाळा. झोपाळ्यावर हिरवी साडी नेसलेली प्रांजल, त्यांची सून. पोट चांगलंच पुढे आलं होतं. केयूर बर्फीचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आला आणि उंबऱ्यापाशी बापाला बघून तिथेच थिजला.

“बाबा.”

केयूरच्या सासूबाई मृणालिनीताई लगबगीनं पुढे आल्या आणि दोघांना जवळजवळ ढकलतच जिन्यात घेऊन गेल्या. मागे दार ओढून घेतलं.

“कधी आलास?” भाऊंनी विचारलं.

“झाले पंधरा दिवस.”

“आणि वारा?”

मृणालिनीताईच बोलल्या. “भाऊसाहेब, रागावू नका. गरोदर बाईच्या नवऱ्यानं पिंडदान करू नये म्हणतात. सातवा लागलाय तिला. पहिलं एक गेलंय आमचं. मीच शपथ घातली त्याला.”

पहिलं गेल्याचंही भाऊंना कुणी सांगितलं नव्हतं.

“मग तसं सांगायचं मला. मी काय त्याला फरफटत पाटावर नेऊन बसवणार होतो?”

“तुम्ही हट्ट धरला असता, बाबा.”

“धरला असता. आईसाठी धरला असता. पण नातवंड येणार म्हटल्यावर सोडलाही असता रे. बाळाचं तरी सांगायचंस.”

“वर्ष झालं की सांगणार होतो. आई म्हणाल्या, वर्ष पुरं न झालेल्या घरात ही बातमी नको.”

आई म्हणाल्या. भाऊंनी जिन्याचा कठडा धरला. पोराला खोटं बोलायला कष्टसुद्धा पडले नव्हते. बेटाची सगळी माहिती बापानंच पाठ केली होती, बापानंच ती बिल्डिंगभर पटवून दिली होती. त्यांना पोराचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

दार किलकिलं झालं. एका पाहुण्या बाईनं डोकावून विचारलं, “कोण आलंय गं मृणाल?”

मृणालिनीताईंनी पदर सावरला. केयूरनं हातातलं बर्फीचं ताट सरळ केलं. भाऊंनी क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

“चुकून आलो,” ते त्या बाईला म्हणाले. “मजला चुकला.”

आणि ते जिना उतरू लागले. वरून “बाबा, थांबा ना” ऐकू आलं. पावलं मात्र ऐकू आली नाहीत.

गुरुवारी सकाळी गुरुजी आले. सुलक्षणानं पाट मांडला, तीळ, दर्भ काढून ठेवले. मुलुंडचं सगळं तिला कळलं होतं. रात्रभर रडून तिचे डोळे सुजले होते. भाऊ अंघोळ करून सोवळं नेसून आले आणि पाटावर बसले.

गुरुजी अडखळले. “तुम्ही? मला वाटलं, मुलगा करणार. नवऱ्याला करता येतं, नाही असं नाही, पण कर्ता मुलगा असला तर—”

“मुलगा नाही,” भाऊ म्हणाले.

“भाऊ, असं बोलू नये रे,” सुलक्षणा म्हणाली.

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते बोटात दर्भाचं पवित्रक चढवू लागले. ते दोनदा निसटलं. शेवटी गुरुजींनीच घालून दिलं आणि पळीत पाणी घेतलं.

“बाईंचं नाव सांगा.”

“वसुधा,” भाऊ म्हणाले, आणि ओंजळ पुढे केली.